एका जुन्या ॲम्प्लिफायरची पाठचिकित्सा

वडिलांच्या मागे घरात सुमारे दोनशे तबकड्या राहिल्या, आणि त्या ऐकण्यासाठी त्यांनी ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेली दोन सागवानी खोकी राहिली. प्रत्येक खोक्यात आठ इंची स्पीकर. या दोहोंच्या मध्ये जे यंत्र होते ते मात्र राहिले नाही. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी उजव्या खोक्यातून 'भप्प' असा आवाज आला, जळका वास सुटला आणि ॲम्प्लिफायरबरोबर त्या बाजूच्या स्पीकरची कॉइलही गेली. कॉइल नव्याने बसवून मिळाली. आवाजात फरक पडलेला नाही असे कारागीर म्हणाला आणि मी त्यावर विश्वास ठेवायचे ठरवले. ॲम्प्लिफायर दुरुस्तीपलीकडे गेला होता. त्याच्या जागी जुनाच पण चांगल्या प्रतीचा ॲम्प्लिफायर शोधण्याच्या खटपटीत जे वाचले आणि जे कळले, त्याची ही हकीकत आहे. मराठीच्या प्राध्यापकाने विजेच्या यंत्रांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु माझ्यापुढे आलेला प्रश्न तंत्राचा कमी आणि इतिहासाचा अधिक निघाला.

शोधाशोधीत मुंबईतील एका निवृत्त जहाज-अभियंत्यांकडे तीन यंत्रे विक्रीला असल्याचे समजले. तिन्ही इंग्लंडमधील हंटिंग्डन येथील एकाच कारखान्याची, 'क्वाड' या नावाची, पण तीन निरनिराळ्या काळांतली: १९५३ साली बाजारात आलेल्या 'क्वाड टू' या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची जोडी, १९६७ चा '३०३' आणि १९७५ चा '४०५'. ही वर्षे त्या त्या नमुन्याच्या आगमनाची आहेत; हाती येणारे यंत्र त्यानंतर केव्हातरी घडलेले असू शकते. एकाच लेखकाच्या तीन कालखंडांतील तीन पुस्तके मांडून 'यातले एकच घेता येईल' असे कोणी सांगावे, तसा तो प्रसंग होता.

पॉवर ॲम्प्लिफायरचे काम सांगायला सोपे आहे. तबकडीवरच्या सुईतून निघणारा विद्युत संकेत काही मिलिव्होल्टचा असतो. प्रीॲम्प्लिफायर त्याला सावरून एखाद्या व्होल्टच्या घरात आणतो. पण स्पीकरचा कागदी पडदा मागेपुढे ढकलण्याची ताकद त्याच्यात नसते. ती ताकद देणे हे पॉवर ॲम्प्लिफायरचे काम, आणि ते करताना स्वतःचे काहीही मिसळू नये ही त्याच्याकडून अपेक्षा. 'संकेत फक्त मोठा करणारी सरळ तार' ही आदर्श ॲम्प्लिफायरची व्याख्या या क्षेत्रात रूढ आहे. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांच्या नावाशी ती नेहमी जोडली जाते. अनुवादकाविषयी आपण जी आदर्श कल्पना बाळगतो तिच्या ही फार जवळची आहे, आणि तितकीच अवघडही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्हॉल्व्ह आला तेव्हा संकेत मोठा करता येऊ लागला, पण तो मूळ आकारात राहीना. १९२७ साली बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक हे अभियंते हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जात असताना त्यांना यावरचा तोडगा सुचला आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी तो उतरवून ठेवला. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या संकेताचा लहानसा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा. म्हणजे यंत्राने मूळ संकेतात जी चूक केली असेल ती त्याची त्यालाच दिसते आणि तो ती खोडतो. प्रश्न दूरध्वनीच्या लांब पल्ल्याच्या तारांचा होता, संगीताचा नव्हे. संगीतासाठी या कल्पनेचे चीज झाले ते वीस वर्षांनी. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात पंधरा वॅटच्या ॲम्प्लिफायरची संपूर्ण मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात विकृतीचे प्रमाण हजारात एक भागाहूनही कमी होते. कोणीही वाचावे आणि करावे अशी ती खुली मांडणी होती. हौशी लोकांनी आपापल्या टेबलांवर ती जोडली, आणि घरात बसून चांगले संगीत ऐकणे ही एक स्वतंत्र आवड म्हणून रुजण्यास तिचा मोठा हातभार लागला.

वॉकर यांनी आपला व्यवसाय १९३६ साली लंडनमध्ये सुरू केला होता. युद्धकाळातील बॉम्बवर्षावामुळे १९४१ साली तो हंटिंग्डनला हलला. १९५३ च्या 'क्वाड टू'ची ताकदही विल्यमसन यांच्या ॲम्प्लिफायरप्रमाणे पंधराच वॅट, आणि आत त्याच केटी ६६ जातीच्या व्हॉल्व्हची जोडी. हा एकाच बाजूचा ॲम्प्लिफायर, म्हणून स्टिरिओसाठी दोन लागतात. तो आकाराने लहान आहे, दिसायला देखणा आहे, आणि आज हौशी मंडळींत त्याला भलती किंमत येते. व्हॉल्व्ह झिजतात आणि बदलावे लागतात हे खरे, पण बदलायला मिळतात. धोका आहे तो आतल्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा. तो जळला तर पुन्हा तसाच गुंडाळून देणारा कारागीर शोधणे कठीण. शिवाय आत तीनशे व्होल्टहून अधिक दाब खेळतो, आणि यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ दडून राहू शकतो. मुंबईच्या त्या गृहस्थांनी झाकण उघडण्याआधी आपला एक हात पाठीमागे धरला होता. दोन्ही हात आत गेले तर विजेला छातीतून वाट मिळते, असे त्यांनी समजावले. जहाजावर शिकलेली सवय, म्हणाले.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरातला. साठीच्या दशकाच्या आरंभी ॲम्प्लिफायर तयार करणाऱ्या अनेक कंपन्यांनी त्याच्याकडे धाव घेतली, कारण त्याला तापवावे लागत नाही, अवजड ट्रान्सफॉर्मर लागत नाही आणि माल स्वस्तात तयार होतो. त्या पहिल्या पिढीतील बरेच ॲम्प्लिफायर कानाला कर्कश वाटत. या कर्कशपणाचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण जुना ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर पारखताना ते आजही उपयोगी पडते. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा असतात. एका रांगेने ओळ सोडली की दुसरी ती उचलते. ॲम्प्लिफायरच्या अखेरच्या टप्प्यावरही ट्रान्झिस्टरांचे असेच दोन गट असतात. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक गट वाहतो, खालचा दुसरा. पहिल्याने ओळ सोडली आणि दुसऱ्याने ती क्षणभर उशिरा उचलली, तर मध्ये एक खाच पडते. आवाज मोठा असला तर ती त्यात बुडून जाते. पण तानपुऱ्याची तार छेडल्यानंतर विरत जाणारा झंकार जसजसा लहान होतो तसतशी ती खाच त्याच्या मानाने मोठी होत जाते. त्या काळच्या जाहिरातींतील विकृतीचे आकडे प्रायः पूर्ण ताकदीला मोजलेले असत. तेथे हे यंत्र निर्दोष ठरे. घरातल्या माणसांना झोप लागल्यावर हळू आवाजात ऐकणाऱ्याला त्या आकड्याचा काय उपयोग?

वॉकर थांबले. क्वाडचा घरगुती वापराचा पहिला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आला तो १९६७ साली, तोच '३०३'. ताकद दर बाजूस पंचेचाळीस वॅट. दोन्ही गटांत एकेका ट्रान्झिस्टरऐवजी तिघांची साखळी वापरून यंत्र थंड असो वा तापलेले, ओळ सोडण्या-उचलण्याचा मेळ टिकेल अशी त्याची रचना केली होती. आतला वीजपुरवठा नियंत्रित होता, म्हणजे बाहेरचा दाब खालीवर झाला तरी आतला सहसा ढळत नसे. आणि स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर एक मोठा कंडेन्सर होता. पुढच्या काळातील रचनाकारांनी हा कंडेन्सर आवाजाच्या वाटेतला अडसर म्हणून काढून टाकला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. परंतु माझ्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे होते. कंडेन्सर लहरी जाऊ देतो, सरळ वाहणारा एकदिश प्रवाह अडवतो. वडिलांच्या ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर फुटला तेव्हा नेमका असाच प्रवाह स्पीकरमध्ये शिरला होता आणि त्याने कॉइल जाळली होती. ३०३ मध्ये ट्रान्झिस्टर फुटला तर बहुधा ॲम्प्लिफायरच मरेल, स्पीकर वाचेल.

'४०५' ची गोष्ट याहून अधिक बुद्धिमान आहे. १९७५ च्या अखेरीस वॉकर यांनी 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये तिचे विवेचन केले. ताकदीचे काम धसमुसळ्या, मोठ्या ट्रान्झिस्टरांकडे द्यायचे. त्यांच्या शेजारी एक लहान पण अतिशय अचूक ॲम्प्लिफायर ठेवायचा. आणि मोठ्यांकडून जी कसर राहील ती लहानाने भरून काढायची. मोठे ट्रान्झिस्टर ओळ सोडताना अडखळले तरी चालते, कारण त्या क्षणी सूत्र लहानाच्या हाती असते. या मांडणीमुळे आत कोठलीही बारीक जुळणी करावी लागत नाही आणि वर्षानुवर्षांच्या वापराने बिघडावी अशी जुळणीच उरत नाही. जुने यंत्र घेणाऱ्याला याहून मोठे आश्वासन कोणते? शंभर वॅट ताकद आणि १९७८ चा 'क्वीन्स अवॉर्ड' हा मान, हेही तिच्या पदरी. मात्र स्पीकरच्या वाटेवरचा तो कंडेन्सर येथे नाही.

तिघांचा आवाज कसा, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. जुन्या ॲम्प्लिफायरांविषयी लिहिणारे लोक आवाजाला 'उबदार', 'कोरडा', 'मधाळ', 'धारदार' अशी विशेषणे लावतात. आपण गद्यशैलीला लावतो तीच ही विशेषणे आहेत, आणि त्यांचा आधार कित्येकदा तितकाच डळमळीत असतो. वॉकर यांना या भाषेचा कंटाळा असावा. १९७८ साली क्वाडसाठी जेम्स मोइर यांनी एक चाचणी घेतली. श्रोत्यांसमोर क्वाडचेच ॲम्प्लिफायर आलटून पालटून वाजवले: व्हॉल्व्हचा 'टू', '३०३' आणि '४०५'. कोणते यंत्र केव्हा वाजते आहे हे त्यांना सांगितले नव्हते. कोणत्याही यंत्रावर त्याच्या ताकदीबाहेर ताण येणार नाही एवढी काळजी घेतली होती. निष्कर्ष असा निघाला की श्रोत्यांना तिघांतला फरक खात्रीने ओळखता आला नाही. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यावरून तोवर बरीच शाई खर्च झाली होती आणि पुढेही होत राहिली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे आय. ए. रिचर्ड्स आठवतील. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला देण्याचा त्यांचा प्रयोग 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या १९२९ च्या ग्रंथात आहे. नाव झाकल्याबरोबर नामवंतांच्या कविता टीकेच्या धनी झाल्या आणि सुमार कवितांचे कौतुक झाले. दोन्ही प्रयोग झाकलेल्या नावाचे, पण त्यांचे निष्कर्ष एकच समजू नयेत. रिचर्ड्स यांच्या विद्यार्थ्यांना फरक दिसला आणि तो त्यांनी चुकीच्या दिशेने तोलला. मोइर यांच्या श्रोत्यांना फरकच हाती लागला नाही. कवितेच्या बाबतीत मी या निष्कर्षाने अस्वस्थ झालो असतो. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मला हायसे वाटले, कारण तिघेही आपापल्या मर्यादेत निरोगी असतील तर त्यांतून निवड करताना मला माझ्या कानाच्या सूक्ष्मतेचा कस लावायला नको होता. प्रश्न एवढाच उरत होता की समोरचे यंत्र निरोगी आहे का, आणि त्याची मर्यादा माझ्या घराला पुरते का.

मर्यादेचा हिशोब वॅटमध्ये होतो आणि वॅट हा शब्द फार फसवा आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॅसेट प्लेयरवर 'पी.एम.पी.ओ.' या अक्षरांपुढे शेकडो वॅट छापलेले असत. प्रत्यक्षात त्यातून मोजके वॅट निघत. त्या अक्षरांची सर्वमान्य व्याख्याच नव्हती. अमेरिकेतही साठीच्या दशकात असाच गोंधळ होता. तेथील व्यापार आयोगाने १९७४ साली नियम केला: घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद छापायची तर ती अखंड देता येणारी हवी, दोन्ही बाजू एकदम चालवून मोजलेली हवी, आणि विकृती किती तेही सोबत सांगायला हवे. त्यामुळे या नियमानंतरच्या, अमेरिकन बाजारासाठी घडलेल्या यंत्रावरचा आकडा त्याआधीच्या आकड्यापेक्षा पुष्कळ विश्वसनीय आहे. जुन्या बाजारात उभे असताना ही सनावळी फार कामी येते.

त्यातही वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ तीन डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट ताकद लागते. म्हणजे ३०३ चे पंचेचाळीस आणि ४०५ चे शंभर यांत साडेतीन डेसिबलांचा फरक आहे, कानाला कळेल एवढा, पण वेड लावणारा नव्हे. आमच्या बारा बाय चौदाच्या खोलीत नेहमीच्या ऐकण्यात सरासरी एक-दोन वॅटही खर्च होत नाहीत. तबल्याची थाप किंवा एखादी तार सप्तकातली फेक क्षणभर दहा-वीसपट मागते. पंधरा वॅट तेथे काठावर पडतात, पंचेचाळीस निश्चिंत.

दुसरी एक गोष्ट आपल्या इतिहासातून आलेली. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे इंग्लंडशी जुळणारी. तेथले यंत्र येथे सुखाने चालते. अमेरिकेहून आणलेल्या १२० व्होल्टच्या किंवा जपानच्या देशांतर्गत बाजारातील १०० व्होल्टच्या यंत्राला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो विसरून एखाद्या पाहुण्याने प्लग थेट भिंतीत खोचला की पन्नास वर्षांचे आयुष्य एका क्षणात संपते. १९९१ पूर्वीच्या आयात-निर्बंधांच्या काळात परदेशी ॲम्प्लिफायर आपल्याकडे येत ते बोटीवरच्या, आखातातल्या वा परदेशी शिकणाऱ्या नातलगांच्या सामानातून. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर वा चोरबाजारात दिसणाऱ्या एकेका यंत्राला स्वतःची प्रवासकथा असते, आणि मागच्या पट्टीवरचा व्होल्टचा आकडा हे त्या कथेचे पहिले वाक्य.

आता निरोगीपणाचा प्रश्न. याबाबत भौतिकशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी मला जे विचारले त्याने विषयाची दिशाच बदलली. मी त्यांना म्हटले होते की मला शक्यतो काहीही न बदललेला, अस्सल ३०३ हवा आहे. ते म्हणाले, "सर, तुम्ही पोथीची सर्वांत जुनी प्रत शोधता, ठीक. पण वाळवीने खाल्लेली अक्षरेही अस्सल म्हणून छापता का?"

यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. जुन्या ॲम्प्लिफायरमधील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आत ओलसर रसायन बाळगतात. उष्णतेने आणि काळाने ते सुकते, मग गुणगुण ऐकू येते, खर्ज पातळ होतो. साठीतला कंडेन्सर आज 'अस्सल' असला तरी तो १९६७ सालचा आवाज देत नाही, सुकलेल्या कंडेन्सरचा देतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच जाणिवेने, की लेखकांच्या हातून हातात जाताना ग्रंथ बिघडत गेला आहे. उलट वि. का. राजवाडे यांनी आपल्याला सापडलेली, एकनाथपूर्व मानलेली प्रत १९०९ साली छापली ती मूळ रूपाच्या ओढीने. दोन्ही भूमिका आपण वर्गात शिकवतो आणि दोन्हींना मान देतो. ॲम्प्लिफायरची संहिता म्हणजे त्याची मांडणी, असे मानले तर त्याच मूल्याचा नवा कंडेन्सर घालणे ही संहितेची सेवाच ठरते. मात्र एखाद्या उत्साही दुरुस्तीवाल्याने 'सुधारणा' म्हणून वेगळ्या जातीचे ट्रान्झिस्टर बसवले असतील, मूळ मूल्ये बदलली असतील, तर तो प्रक्षेप. अडचण अशी की बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. विक्रेते 'आत कोणाचाही हात लागलेला नाही' हे वाक्य गुण म्हणून सांगतात. मला आता ते ऐकले की काळजी वाटते. (क्वाडच्या आजच्या मालकांनी २०२४ साली ३०३ याच नावाचे आणि जुन्या रूपाशी मिळतेजुळते नवे यंत्र आणले. ती सुधारित आवृत्ती म्हणावी की नवे पुस्तक, हा वाद मी विद्यार्थ्यांवर सोपवतो.)

मुंबईला दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा सहकारी बरोबर होते. त्यांनी एक साधा साठ वॅटचा दिवा सिरीजमध्ये जोडून आणला होता. जुने यंत्र कधीही थेट विजेवर लावू नये. आत काही शॉर्ट असेल तर दिवा भडक पेटतो आणि यंत्र वाचते. 'टू'च्या जोडीपैकी एकाला हा दिवा मंद होईना, म्हणून ती जोडी तेथेच बाजूला पडली. तिची किंमतही माझ्या आवाक्याबाहेरची होती. ४०५ व्यवस्थित चालला. मल्टिमीटरने स्पीकरच्या खुंट्यांवरचा एकदिश दाब मोजला तेव्हा दोन्ही बाजूंना काही मिलिव्होल्टच भरला, म्हणजे उत्तम. झाकण काढल्यावर मात्र डाव्या बाजूच्या पट्टीवर तपकिरी डाग आणि दोन निराळ्या जातींचे ट्रान्झिस्टर दिसले. केव्हा आणि का बदलले हे मालकांना आठवत नव्हते. ३०३ मध्ये कंडेन्सर जुनेच होते, एकाच्या बुडाला चिकट ओघळ होता, आणि स्पीकरला कान लावल्यावर गुणगुण स्पष्ट ऐकू येत होती. पण सोल्डर सर्वत्र कारखान्याचे होते. बिघाड होता तो वयाचा, आणि कोठे आहे ते दिसत होते.

सहकाऱ्यांचा कल ४०५ कडे होता. त्यांच्या मते दोन ट्रान्झिस्टर ही मोठी गोष्ट नव्हती आणि तिची मांडणी निःसंशय श्रेष्ठ होती. मलाही ती तशीच वाटते. तरीही मी ३०३ घेतला. वडिलांचे स्पीकर दुसऱ्यांदा जळाले असते तर मांडणीच्या श्रेष्ठत्वाने माझे समाधान झाले नसते.

कंडेन्सर बदलायला दोन रविवार गेले. मागच्या चार टाचण्यांच्या जुन्या खाचेत आजची वायर बसत नाही, म्हणून एक जोडवायर करून घ्यावी लागली. गुणगुण गेली. उजवी बाजू डावीपेक्षा किंचित हळू वाजते असे मला वाटते. सहकाऱ्यांनी मोजून दोन्ही सारख्या असल्याचे दाखवले आहे, तेव्हा तो दोष नव्या कॉइलचा असेल किंवा माझा. काढलेले जुने कंडेन्सर एका पिशवीत घालून यंत्राच्या खोक्यात ठेवले आहेत. सोबत एक चिठ्ठी आहे: कोणत्या जागी कोणत्या मूल्याचा काढला, कोणता घातला, तारीख. पुढे हे यंत्र ज्याच्या हाती जाईल त्याला ती लागेल.